बीड ते अंबाजोगाई: चालणं झालं, आता पुढचा हंगाम

नमस्कार मंडळी.

गेल्या मेळाव्यात याच सभागृहात आपण ठरवलं होतं, की कॅनडातल्या आपल्या या मंडळाचा एक गट मराठवाड्यात जाऊन बीड ते अंबाजोगाई पायी चालेल आणि त्या निमित्तानं जमणारा सगळा निधी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाला देईल. ते चालणं पूर्ण झालं. निघालेले सगळेच्या सगळे योगेश्वरीच्या देवळापर्यंत पोचले. तुमच्यापैकी खूप जणांनी यासाठी पैसे दिले, काहींनी वाढदिवस साजरा न करता ती रक्कम इकडे वळवली. तुम्हाला हिशेब तर द्यायचाच आहे, पण आम्ही तिथं काय पाहिलं तेही सांगायचं आहे.

मी मूळची अंबाजोगाईची. आमच्या वर्गात दिवाळीची सुट्टी संपली की काही बाकं रिकामी दिसायची. बाई हजेरी घेताना त्या नावांवर थांबायच्याही नाहीत, कारण सगळ्यांना ठाऊक असायचं, आईबाप कारखान्याला गेले, लेकरंही गेली. पाडव्याच्या सुमारास त्यातली काही परत यायची. बाकीची पुन्हा कधी वर्गात दिसली नाहीत.

आपल्यात कोकणातले, मुंबईपुण्याचे बरेच जण आहेत, म्हणून थोडं मागचं सांगते. बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माती हलकी, विहिरींना पाणी बेताचं. खरिपाची सुगी उरकली की हाताला काम नाही. मग मुकादम, म्हणजे कारखान्यांना मजूर पुरवणारा ठेकेदार, येतो आणि उचल देतो. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, उचल त्या जोडीच्या नावावर, आणि ती फेडायची ऊस तोडून, टनावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं निघतात, ती सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. तिथं पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या. उजाडायच्या आत फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आजारपणानं घरी बसलं तरी खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. या बायकांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासानं पडणाऱ्या खाड्याची भीती काय असते हे समजल्याशिवाय त्या बातमीचा अर्थ लागत नाही.

आणि लेकरं? सोबत नेली तर दहा वर्षांची पोर कोपीत बसून तान्ह्या भावाला सांभाळते. तिची शाळा त्या वर्षी सुटते आणि पुढच्या वर्षी आणखी अवघड होते. गावात ठेवली, तर शाळा टिकते. हंगामी वसतिगृहं यासाठीच आहेत. आईबाप परत येईपर्यंत मुलांना गावातच जेवण, अभ्यास, राहण्याची सोय. राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही आणली. पण वाड्यातांड्यांवरची गरज त्याहून कितीतरी मोठी आहे.

जानेवारी आम्ही मुद्दाम निवडला. एक तर ऊन सोसवतं. दुसरं, गावं तेव्हा रिकामी असतात, आणि ती तशीच बघायला हवीत असं मला वाटत होतं.

बीडला पाण्यात उभ्या असलेल्या कंकालेश्वराला नमस्कार करून निघालो. अंतर नव्वदेक किलोमीटर. जमेल तिथं हमरस्ता सोडून गावातले रस्ते धरले. पहिली परीक्षा मांजरसुंब्याच्या घाटाची. इथं कॅनडात क्रेडिट नदीकाठच्या सपाट वाटेवर आपण महिनोन्महिने सराव केला होता, तो दमसासाला कामी आला, चढाला नाही. आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकूंना आम्ही पहिल्यापासून पुढे ठेवलं. त्यांची चाल तीच सगळ्यांची चाल. तरुण मुलांना सुरुवातीला ते जड गेलं, पण घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा कोणीही मागे राहिलेलं नव्हतं. गटानं चालायचं तर मला दुसरी रीत ठाऊक नाही.

नेकनूरच्या पुढे, आडवाटेवरच्या एका वस्तीवर आम्ही पाणी प्यायला थांबलो. ओळीनं घरं, बहुतेक दारांना कुलूप. एका कुलपाला चिंधी गुंडाळलेली होती, गंजू नये म्हणून. ओट्यावर एक आजी तूर निवडत बसल्या होत्या.

‘एवढ्या उन्हाचं कुठं चाललात बाई?’

‘अंबाजोगाईला, आजी.’

‘नवस हाय का?’

मी सांगितलं, ऊसतोडीच्या लेकरांसाठी चाललोय, ती गावात राहून शिकावीत म्हणून. आजींनी सूप खाली ठेवलं. दोन नातवंडं त्यांच्याकडे होती, तिसरं अंगावर पिणारं, ते आईबरोबर गेलेलं. ‘म्या हाय तवर ही दोन शाळंत जातेत,’ त्या म्हणाल्या. ‘म्या पडले की तीबी कारखान्याला.’ मग उठून आत गेल्या आणि आमच्या ओंजळीत शेंगा घातल्या. नाही म्हणायची सोयच नव्हती.

मंडळी, मला या प्रवासातून एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. त्या भागातली हजारो लेकरांची शाळा आज एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या तब्येतीवर उभी आहे. आपण इमारतीसाठी पैसे द्यायला चटकन तयार होतो, कारण तिचा फोटो निघतो, कोनशिला बसते. तिथं खरी चणचण आहे ती रात्रीच्या भाकरीची, मुक्कामी राहणाऱ्या मावशीच्या पगाराची, मुलींच्या न्हाणीघराच्या दाराची. मंडळाच्या पैशानं याच गोष्टी व्हाव्यात, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही.

चालण्याचं थोडं सांगते, कारण तरुण मंडळी विचारत असतात. पायाला फोड सगळ्यांनाच आले. केजच्या अलीकडे आमच्यातल्या एका दादांचा गुडघा असा सुजला की पाऊल टेकवेना. सामानाच्या टेम्पोत बसायला ते तयार नव्हते. रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसून सगळ्यांनी बराच वेळ बोलून ठरवलं, की दादांनी टेम्पोतून पुढं जाऊन प्रत्येक मुक्कामाची पाण्याची, जेवणाची व्यवस्था बघायची आणि शेवटच्या टप्प्याला आमच्यात यायचं. त्यानंतर आम्ही पोचायच्या आधी बादल्या भरलेल्या असत. केजच्या पुढे एका शेतकऱ्यानं आगटी पेटवून हुरडा खाऊ घातला. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेली कणसं तळहातावर चोळून ते गरम दाणे आमच्या हातात देत होते, सोबत लसणाची चटणी. इथं जन्मलेली आपली दोन मुलं त्यांच्याकडून कणीस चोळायला शिकली. याच तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण २०१६ मध्ये कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते शेतकरी त्या वर्षाबद्दल बोलायला लागले तेव्हा मुलांनी खाणं थांबवलं.

वसतिगृहात आम्ही एक संध्याकाळ होतो. जेवणं झाल्यावर गुरुजींच्या फोनवर आईबापांचे फोन यायला लागले. एकच फोन, लेकरं भिंतीला टेकून आपापल्या पाळीची वाट बघत बसलेली. मला वाटलं होतं रडारड होईल. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता: ‘गाडी भरली का?’ गाडी भरली असेल तर आईला आज झोप मिळणार, हे सात-आठ वर्षांच्या लेकरांना पक्कं ठाऊक. एका मुलीनं फोनवरच आईला सतराचा पाढा म्हणून दाखवला. मध्येच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, आणि पलीकडून आईनं सबंध ऐकून घेतला.

शेवटच्या टप्प्याला दादा काठी टेकत आले. काकू पुढे, त्यांच्या शेजारी दादा, मागे आम्ही, आणि गावात शिरताना शाळेची मुलं येऊन मिळाली. योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. आपल्या गटातल्या चिपळूणच्या वहिनी तिथं पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यांना गाभाऱ्यासमोर भरून आलं. स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या गावात शाळेत शिकवलं, त्या गावात हे चालणं संपलं, याचं मला फार समाधान आहे.

आता पैशाचं. विमानाचं तिकीट, राहणं, खाणं प्रत्येकानं स्वतःच्या खिशातून केलं. देणगीतला एक पैसाही त्यात गेलेला नाही. परदेशी देणगी घ्यायची तर तिथल्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे भारताच्या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते, म्हणून आपण अशी नोंदणी असलेली संस्थाच निवडली. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगीत मोजत नाहीत. त्यामुळे खजिनदारांनी दोन वेगळ्या याद्या केल्या आहेत. आपलं नाव योग्य यादीत आहे ना, ते आज बघून घ्या.

आणि एक विनंती. एकदा चालून एकदा पैसे दिल्यानं एक हंगाम निघतो. ट्रक दसऱ्यानंतर हलतात. मुलाला गावात ठेवायचं की सोबत न्यायचं, हे आईबाप त्याआधी ठरवतात, आणि वसतिगृह यंदा चालणार आहे याची खात्री असेल तरच ठेवतात. म्हणून नवरात्र बसायच्या आत पुढच्या हंगामाचे पैसे तिथं पोचलेले हवेत. दरमहा ठरावीक रक्कम द्यायला जे तयार आहेत त्यांच्यासाठी जेवणाच्या दालनाबाहेर वही ठेवली आहे. काकू तिथं बसल्या आहेत. पुढच्या जानेवारीत चालायचं असेल तर त्याच वहीत मागच्या पानावर नाव लिहा, सराव येत्या रविवारपासून आहे.