तळ्यातल्या ट्राउटसाठी बुडणारी लाइन

मंडळी, उजनीत किंवा हिप्परग्याच्या तलावात गळ टाकणाऱ्याच्या हाताला शिशाची सवय असते. शिसं बांधलं की गळ तळाला. फ्लाय फिशिंगमधली फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, मात्र पिसादोऱ्याची, हलकी. तिला खाली नेते ती लाइनच, म्हणजे फेकायची जाड, आवरणवाली दोरी. लाइनच्या आवरणात टंगस्टनची पूड असते. पूड जितकी जास्त तितकी लाइन लवकर बुडते. तो वेग खोक्यावर सेकंदाला इतके इंच असा छापलेला असतो. लाइनच्या प्रकारांत सावकाश बुडणारी इंटरमीजिएट साधारण दीड इंच, टाइप ३ तीन इंच, टाइप ६ सहा इंच.

आता हिशोब करा. मासा दहा फुटांवर, म्हणजे १२० इंच. इंटरमीजिएटला ८० सेकंद लागतील, टाइप ३ ला ४०, टाइप ६ ला २०. हे पाहून बरेच जण सरळ टाइप ६ घेतात, आणि तिथेच फसतात. लाइन दहा फुटांवर थांबत नाही, तुम्ही ओढत असतानाही खाली जातच राहते. ताणामुळे ती थोडी उचलली जाते हे खरं, पण सावकाश ओढलंत तर दोन मिनिटांत फ्लाय शेवाळात. म्हणून तळं किती खोल हे विचारूच नका. मासा कोणत्या थरात आहे आणि तुम्ही किती वेगाने ओढणार, एवढंच विचारा. काश्मीरात विशनसर, गंगाबल या तळ्यांवर जाणाऱ्यांनी एकच बुडणारी लाइन न्यायची तर इंटरमीजिएट न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्राउट बऱ्याचदा काठाजवळच्या वरच्या पाण्यातच चरते. दुसरी घेतलीत तर टाइप ३.

खोक्यावर आणखी एक शब्द शोधा: डेन्सिटी कॉम्पेन्सेटेड. साध्या लाइनचा मधला भाग जाड, म्हणून तो आधी बुडतो आणि पाण्यात झोळ पडतो. माशाने फ्लाय तोंडात घेतली तरी तो झोळ सरळ होईपर्यंत बोटाला काही कळत नाही. तेवढ्यात मासा ती थुंकून मोकळा. डेन्सिटी कॉम्पेन्सेटेड लाइनचं टोक जास्त घन असतं, त्यामुळे ती सरळ उतरते.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा, पाच-सहा फुटांचाच ठेवा. बारा फुटांचा लावलात तर लाइन खाली आणि फ्लाय वर तरंगत राहते.

खोलातली लाइन एकदम हिसकून उचलू नका, रॉड मोडेल. लाइनचा जाड भाग रॉडच्या टोकाच्या कडीपाशी येईपर्यंत ओढून घ्या आणि तिथे दहा सेकंद थांबा. पाठलाग करत आलेली ट्राउट पुष्कळदा याच क्षणी घेते. मग रोल कास्टने, म्हणजे लाइन मागे न फेकता पुढेच उलगडून, ती पाण्यावर आणा, आणि त्यानंतरच मागे फेका.

सेकंद मोजायचा सराव हिप्परग्याला करता येईल. तिथे ट्राउट नसली तरी लाइन तशीच बुडते. घरी आल्यावर ओल्या सोलापुरी टॉवेलच्या चिमटीतून लाइन ओढून पुसा आणि सावलीत वाळवा. मे महिन्यात बंद गाडीत मात्र ठेवू नका, आवरण मऊ होऊन चिकटतं.