जागेपलीकडचा खेळाडू

मित्रहो, बास्केटबॉल व्यवस्थापनाच्या ऑनलाइन खेळांत संघ मांडताना आपल्यापैकी बहुतेक जण सर्वांत उंच खेळाडूला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा) करतात, उत्तम पास देणाऱ्याला पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा) करतात आणि रकाने भरले की मोकळे होतात. त्या जागी समोर कोण उभा राहणार, हा प्रश्न मात्र राहून जातो, आणि माझ्या मते संघनिवडीचा सगळा गाभा त्याच प्रश्नात आहे.

१६ मे १९८० रोजी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेच्या सहाव्या लढतीत लेकर्स संघाचे सेंटर करीम अब्दुल-जब्बार जायबंदी होते, म्हणून लेकर्सनी मॅजिक जॉन्सन या पहिल्याच हंगामातल्या पॉइंट गार्डला सेंटरच्या जागी उभे केले. त्याने ४२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) आणि ७ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) नोंदवले आणि लेकर्सनी १२३–१०७ अशा विजयासह विजेतेपद मिळवले. २०१५ च्या अंतिम मालिकेत वॉरियर्स १–२ असे मागे असताना त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सेंटर अँड्र्यू बोगटऐवजी फॉरवर्ड आंद्रे इग्वाडालाला सुरुवातीच्या पाचांत घेतले, आणि पुढच्या तिन्ही लढती जिंकल्या.

कर यांना तीन लढती पाहून बदल करता आला. आपल्याला बहुधा तशी सवलत नसते. पाच नावे आणि डावपेच आधीच नोंदवून ठेवावे लागतात आणि प्रतिस्पर्ध्याची चाल सामन्यातच कळते. दोन-तीन जागा सांभाळू शकणारा खेळाडू इथे प्रत्यक्ष मैदानापेक्षाही अधिक मोलाचा ठरतो, कारण आपला अंदाज चुकला तरी तो पूर्णपणे वाया जात नाही.

‘बझरबीटर’ या ऑनलाइन व्यवस्थापन खेळात हे फार स्पष्ट दिसते. तिथे पगार ठरताना प्रत्येक जागेसाठीचा हिशेब होऊन सर्वांत जास्त येणारा आकडा लागू होतो. त्यामुळे एकाच जागेला लागणारी कौशल्ये टोकाला नेलेला खेळाडू महाग पडतो, तर कौशल्ये विभागलेला खेळाडू तुलनेने कमी पगारात बरेच काही देतो. आतून, म्हणजे बास्केटजवळून, चांगला नेम साधणाऱ्या उंच खेळाडूला स्मॉल फॉरवर्डच्या (सहसा मध्यम उंचीच्या, चपळ खेळाडूच्या) जागी उतरवून चेंडू आत खेळवला, तर समोरच्या हलक्या बचावपटूची दमछाक होते. (सरावही खेळलेल्या जागेवर आणि मिनिटांवर अवलंबून असल्याने तरुण सेंटरला मैत्रीपूर्ण सामन्यात गार्ड म्हणून खेळवणे हा मला फार आवडणारा, पण संयम पाहणारा मार्ग आहे.) ‘बास्केटबॉल जीएम’ या तशाच दुसऱ्या खेळात जागेच्या नावापेक्षा गुणांचा मेळ महत्त्वाचा असतो: तिथे चेंडू हाताळणारा, पास देणारा, तीन गुणांचे फटके मारणारा असे गुण एकत्र आले की पाचही जणांचा खेळ सुधारतो, आणि एकाच खेळाडूत असे दोन-तीन गुण असले तर उरलेल्या जागा मोकळ्या राहतात.

याला मर्यादाही आहे. २०२० साली एनबीएतल्या रॉकेट्स संघाने क्लिंट कपेला हा आपला सेंटर दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि साडेसहा फुटांहून ठेंगण्या पी. जे. टकरला त्या जागी खेळवले. बाद फेरीत लेकर्सविरुद्धच्या मालिकेतली पहिली लढत त्यांनी जिंकली. मग लेकर्सनी आपल्या उंच सेंटरांची मिनिटे कमी केली आणि सलग चार लढती घेतल्या. प्रतिस्पर्धीही आपल्या चालीला उत्तर देतो, म्हणून स्मॉल फॉरवर्डच्या जागी उंच खेळाडू नोंदवण्यापूर्वी मी प्रतिस्पर्ध्याचे मागचे चार-पाच सामने उघडून त्या जागी बाहेरून, म्हणजे लांबून, फटके मारणारा कोणी आहे का ते पाहतो, आणि असेल तर तो बेत त्या दिवसापुरता सोडून देतो.