अभ्यासाने रमणे

धुळ्यात उभे राहून आनंदाविषयी बोलायचे, तर आरंभ इथल्या तुरुंगापासून करावा असे मला वाटते. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा भावे तिथे सोबतच्या बंदीजनांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. आपण ज्यांना सुखाची साधने म्हणतो, त्यांतले फारसे काही त्या भिंतींच्या आत नव्हते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार येतात. निद्रा आणि आळस यांतून येणारे तामस सुख आज बाजूला ठेवू. विषय आणि इंद्रिये यांच्या संयोगाने येणारे, आधी अमृतासारखे आणि शेवटी विषासारखे, ते राजस. आधी विषासारखे वाटणारे, पण परिणामी अमृतासारखे, ते सात्त्विक. हे श्लोक पुष्कळदा ‘आज कष्ट, उद्या फळ’ एवढ्याच अर्थाने सांगितले जातात. मला तो अर्थ अपुरा वाटतो, कारण फळावर डोळा ठेवून सोसणे हाही व्यवहारच झाला, आणि फळ हाती आले की तेही चार दिवसांत जुने होते. त्यांच्या आधीच्या, छत्तिसाव्या श्लोकात तीन शब्द आहेत : ‘अभ्यासाद्रमते यत्र’. पुन्हा पुन्हा करण्याने मन जिथे रमू लागते, ते सुख. टिकणाऱ्या आनंदाची खूण मला या शब्दांत सापडते, कारण वस्तूपासून मिळणारे सुख नेमके पुनरावृत्तीनेच झिजते.

आपल्या खानदेशातल्या भरताच्या पंगतीचेच पाहा. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली जातात. त्या भरताचा कळण्याच्या भाकरीबरोबरचा पहिला घास जे सुख देतो, ते तिसऱ्या भाकरीला उरत नाही, आणि त्यात भरताचा काही दोष नाही. माझे थोरले काका मात्र तीस-पस्तीस वर्षे त्या जाळाजवळच बसत आले आहेत. कोणते वांगे कधी फिरवायचे, काड्या कधी मागे ओढायच्या, हे त्यांना दर हिवाळ्यात थोडे अधिक कळत जाते. ते जेवतात सगळ्यांच्या शेवटी, बहुधा गार झालेले. पण जाळाजवळची जागा ते कुणाला देत नाहीत. घासाचे सुख आणि त्या जागेचा आनंद एकाच संध्याकाळचे असले, तरी पहिले दर घासाला उणे होते आणि दुसरा दर वर्षी वाढतो.

यावरून सुख तुच्छ आहे असे कोणी समजू नये. कपाशीचा भाव पडल्यावर ज्याच्या घरी मुलीची फी थकली आहे, त्याला ‘आनंद आत शोध’ असे सांगणे मला निर्दयपणाचे वाटते. त्याला आधी भाव मिळाला पाहिजे, आणि भाव मिळाल्या दिवशीचे त्याचे हसू पूर्णपणे खरे असते. माझे म्हणणे एवढेच, की त्या हसूवर सबंध वर्ष काढता येत नाही. ते वर्ष पेरणी, निंदणी, वेचणी यांत रमणाऱ्या मनावर निघते, आणि असे मन एका दिवसात तयार होत नसते.

त्या तुरुंगातही अठराव्या अध्यायाची पाळी आली ती १९ जूनला, सतरा रविवार सरल्यावर.