एक ठिपका, एक गुंठा

(दृश्य: पहाटेचा अंधार. मांडवाखालून ट्रॅक्टरचा दिवा सरकतोय, मागे औषध फवारणाऱ्या ब्लोअरचा पांढरा धुरळा.)

ऑक्टोबर महिना. तासगाव तालुक्याचा पूर्वेकडचा भाग. द्राक्षबागायतदाराला आजची तारीख विचारली तर तो जरा आठवेल. छाटणीला किती दिवस झाले ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. या बागेचा आज 18 वा दिवस आहे.

रात्री परतीचा पाऊस पडून गेला. कोवळी पानं ओली आहेत, आणि ओल्या पानावर दावण्या हा बुरशीचा रोग काय करतो ते इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणून काल सकाळी मारलेलं औषध आज पुन्हा मारायचं. मग कालचं कुठं गेलं? थोडं पानात मुरलं, थोडं वाऱ्यानं बांधापलीकडं नेलं, थोडं पावसानं धुऊन खाली आणलं. खाली म्हणजे कुठं, ते बघायला आम्ही या बागेत आलोय.

(दृश्य: औषधाच्या डब्यावरचं लेबल, अगदी जवळून.)

डब्यावर हा रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. पण हा रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून. पोटात गेलं किंवा अंगावर पडलं तर जिवाला किती धोका, एवढंच तो सांगतो. ओढ्यातल्या माशाचं, मधमाशीचं, विहिरीच्या पाण्याचं गणित त्या रंगात नाही. ते डब्यावर मावणारही नाही, कारण जागा बदलली की ते बदलतं. तेच औषध, तेवढंच माप, सपाट माळावर मारलं तर एक. ओढ्याला भिडलेल्या उतारावर मारलं तर दुसरंच.

आणि जागेचा प्रश्न आला की नकाशा आला.

(दृश्य: घराची पडवी. चटईवर लॅपटॉप, शेजारी चहाचे कप.)

ही याच गावची मुलगी. पुण्यात भूगोल शिकली, आता उपग्रहाच्या चित्रांवर काम करते. बागेचे मालक तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणून तिचे तात्या. लॅपटॉपवर जे दिसतंय त्यातल्या एकाही गोष्टीला तिनं पैसे मोजलेले नाहीत.

चित्र आहे सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांचं. त्यातला पहिला 2015 मध्ये वर गेला, दुसरा 2017 मध्ये. दोन उपग्रहांच्या जोडीनं दर 5 दिवसांनी याच शिवाराचं चित्र मिळतं, आणि ते जगात कुणालाही फुकट घेता येतं. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर बाय 10 मीटर. 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरचा. उपग्रह बनवणाऱ्यांच्या कानावर गुंठा हा शब्द कधी पडला असेल असं वाटत नाही, पण यंत्र अगदी आपल्या हिशेबाचं निघालं. एकराला साधारण 40 ठिपके.

एका चित्रात ऊसही हिरवा आणि द्राक्षही हिरवं. फरक कळतो वर्षभराची चित्रं ओळीनं लावल्यावर. ऊस तोडणीला एकदाच मोकळा होतो. द्राक्षबाग वर्षातून दोनदा उघडी पडते: एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला. या दोन छाटण्यांची खूण संगणकाला शिकवली की तो तालुक्यातल्या बागा हुडकून काढतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा सेंटिनेल-1 कामाला येतो. त्याचं रडार ढगाआरपार बघतं. तरी छाटण्या मागंपुढं झाल्या की घोळ होतोच, हे ती आधीच सांगून टाकते.

बागा कळल्या. आता उतार.

फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर हे अंतराळयान 11 दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि जमिनीचे चढउतार रडारनं मोजून आलं. ते आकडे आज 30 मीटरच्या चौकोनांत खुले आहेत. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी, आणि त्यातला सगळ्यात खोलगट जो, त्याच्याकडं पाणी जाणार. एवढा साधा नियम लाखो चौकोनांना लावायचा. काम करतं क्यूजीआयएस, हे नकाशांचं सॉफ्टवेअर, तेही फुकटचंच.

(दृश्य: पडद्यावर निळ्या रेषा उमटत जातात, एकमेकींना मिळत जातात.)

बघता बघता ओघळींचे ओढे होतात, ओढ्यांची अग्रणी नदी होते. अग्रणी पुढं कवठेमहांकाळ तालुक्यातून कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. या बागेतलं पाणी कुठं जातं, त्याचं उत्तर इथं रेषेत दिसतं.

मग तिनं त्याच्यावर गावनकाशा ठेवला, गट नंबरांचा. तात्या चष्मा लावून पुढं सरकले.

"काय गं, आमचा ओढा शेजाऱ्याच्या बागेत कधी गेला?"

पडवीत हशा झाला. पण दुखणं नेमकं हेच आहे. मोजणीचा जुना नकाशा आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर चपखल बसत नाहीत. काही मीटर इकडं, काही मीटर तिकडं. बागेपासून ओढा 5 मीटरवर आहे की 30 मीटरवर, यावर पाण्यात उडणाऱ्या औषधाचा सगळा हिशेब उभा असतो. दुपारभर तिनं चार विहिरी आणि एक पूल यांच्या खुणा धरून नकाशा सरकवला. ओढा परत ओढ्यात आला.

नकाशातला मातीचा थर त्याहून रांगडा. जगभरासाठी जो खुला नकाशा आहे, त्यातला एक ठिपका 250 मीटरचा. म्हणजे पंधरा एकरांना मिळून एक माती. तात्या म्हणाले, "माझ्या दीड एकरात तीन जाती हायत. वर मुरूम, मधी तांबूस, खाली ओढ्याकडंला काळी." ते तिनं वहीत लिहून घेतलं. आमच्या मते त्या दिवशी मिळालेली सगळ्यात अचूक माहिती तीच.

माती का लागते? औषध विहिरीपर्यंत झिरपेल का, याचा अंदाज बांधायला 1989 मध्ये गुस्ताफसन यांनी एक सूत्र दिलं. दोनच गोष्टी बघायच्या: औषध मातीत निम्मं व्हायला किती दिवस लागतात, आणि ते मातीला किती घट्ट चिकटतं. समजा एखादं औषध 100 दिवसांनी निम्मं होतं आणि त्याचा चिकटण्याचा आकडा 100 आहे. सूत्राचं उत्तर येतं 4. दुसरं 10 दिवसांत निम्मं होतं आणि चिकटण्याचा आकडा 1000 आहे. उत्तर येतं 1. उत्तर 2.8 च्या वर गेलं की औषध खाली उतरणारं, 1.8 च्या आत राहिलं की मातीतच थांबणारं. निम्मं होण्याचे दिवस आणि चिकटण्याचे आकडे इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठानं इंटरनेटवर खुले ठेवलेत, औषधवार.

पण सूत्र कॅलिफोर्नियातल्या भूजलाच्या आकड्यांवरून बसवलेलं आहे. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खाली काळा पाषाण आणि त्याच्या फटी. भेगेतून पाणी उतरलं तर चिकटायला माती भेटतेच कुठं? आणि मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाला तर हे सूत्र लागूच नाही. 1880 च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत दावण्यासाठीच बोर्डो आलं. तेव्हापासून मोरचुदातलं जे तांबं मातीत पडतं ते निम्मं होत नाही, साठत जातं.

(दृश्य: देवळीतून काढलेली निळ्या पुठ्ठ्याची वही. पानांवर औषधाचे डाग.)

बागा, उतार, माती, पाऊस हे सगळं वरून मिळतं. एक थर मात्र कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही: कुणी, कधी, काय मारलं. तो या वहीत आहे.

"14 वा दिवस, दावण्या, 400 लिटर. 15 वा दिवस, पाऊस, मँकोझेब धुरळलं. 17 वा दिवस, सकाळी फवारा, रात्री पाऊस." पानामागून पान असंच. द्राक्ष निर्यात करणाऱ्यांना ही नोंद ठेवावीच लागते. ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत बाग नोंदलेली असते, काढणीआधी घडांचे नमुने तपासले जातात. 2010 मध्ये क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, त्याचा चटका इथं अजून आठवतात. पण ती सगळी व्यवस्था खाणाऱ्यासाठी आहे. घड पास झाला की वही देवळीत.

कॅलिफोर्नियात 1990 पासून शेतीतली प्रत्येक फवारणी सरकारला कळवावी लागते. ती एक चौरस मैलाच्या चौकोनात नोंदली जाते आणि कुणालाही बघता येते. आपल्याकडं ई-पीक पाहणीत 2021 पासून शेतकरी स्वतः पिकाचा फोटो जागेसकट चढवतो. पीक तिथं येतं, फवारणी येत नाही.

तिनं हळूच विचारलं, "तात्या, वहीचे फोटो घेऊ का?"

तात्या थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "औषधांची नावं घे. गट नंबर नको. उद्या व्यापारी मोबाइल दाखवून म्हणंल, तुमच्या बागंत एवढं मारलंय, दर पाडा."

भीती खोटी नाही. भाव बांधावर ठरतो आणि कारणं शोधणारा समोर उभाच असतो. तिनं वाद घातला नाही. एकेका बागेऐवजी ओढ्याचा अख्खा पाणलोट एक धरायचा, सगळ्यांच्या वह्यांची बेरीज तेवढी नकाशावर ठेवायची, असं ठरलं. ओढ्याच्या हिशेबाला तेवढी पुरते. त्याच दिवशी आणखी दोन वह्या आल्या. तिसऱ्यानं "बघू" म्हटलं.

(दृश्य: संध्याकाळ. ओढ्याचा काठ. उभा ब्लोअर, टाकीतून गळणारं फेसाळ पाणी.)

निघताना तात्या आम्हाला ओढ्यावर घेऊन गेले. इथं दगडांचा उतार आहे, ट्रॅक्टर थेट पाण्यापर्यंत येतो. फवारणी झाली की टाकी इथंच धुतात. त्यांचीही, आजूबाजूच्या सगळ्यांचीही. उपग्रह, उतार, माती, सूत्र, कशातच ही जागा नव्हती.

तात्यांनी पायानं दगड दाखवला.

"हितं एक टिंब दे. हे बी घाल तुझ्या नकाशात."

तिनं मोबाइल काढला आणि जागा नोंदवली.