वादळाच्या दिवशी वेबसाइट

नमस्कार श्रोतेहो,

फिलिपिन्समध्ये पावसाळ्यातल्या पहाटे घरोघरी एकच प्रश्न असतो: आज शाळा आहे का? तिथल्या हवामान खात्याला 'पागासा' म्हणतात. वादळ किती जोराचं आहे त्याप्रमाणे ते 1 ते 5 नंबरचे सिग्नल लावतं. 2012 च्या सरकारी आदेशाने शाळांची सुट्टी या सिग्नलला बांधली. 1 नंबर लागला की बालवाडी बंद, 2 लागला की माध्यमिकपर्यंतच्या शाळा बंद, 3 लागला की महाविद्यालयंही बंद. पुढे नियम थोडे बदलले, पण खरा घोळ वेगळाच आहे. सिग्नल नसला तरी गावचा महापौर आपल्या अधिकारात सुट्टी जाहीर करू शकतो. तो ती करतोही, आणि बरेचदा अगदी ऐन वेळी. लुझॉन या मोठ्या बेटाच्या आग्नेयेला बिकोल भाग आहे, आणि त्यात कामारिनेस सूर नावाचा प्रांत. प्रांतात 35 नगरपालिका. म्हणजे एका पावसाचे 35 वेगळे निर्णय.

हे सगळे निर्णय गोळा करून एका पानावर लावणारा माणूस, तो आज माझा विषय आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो कुणी एक माणूस नाही. छोट्या शहरात, घरातल्याच एका खोलीत, स्वतःच्या मालकीची वेबसाइट चालवून पोट भरणारे लोक तिथे जागोजागी आहेत. 'वालांग पासोक', म्हणजे आज वर्ग नाहीत, एवढे दोन शब्द शोधत माणसं येतात आणि त्या सकाळी त्याच्या वेबसाइटवर वर्षातली मोठी गर्दी होते. अशी गर्दी दुसऱ्यांदा होते ती नर्स, शिक्षक, इंजिनियर यांच्या परवाना परीक्षांचे निकाल लागतात तेव्हा. पण निकालाच्या दिवशी निदान वीज असते.

बिकोल थेट प्रशांत महासागराला तोंड करून बसलंय. 1 नोव्हेंबर 2020 ला रोली नावाचं वादळ तिथे आदळलं. ऑक्टोबर 2024 मध्ये क्रिस्टीन वादळाच्या पावसाने तिथलं नागा शहर पाण्यात गेलं. अशा वेळी आधी वीज जाते. मोबाइलचे टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतात, मग तेही गप्प होतात. गंमत बघा, वेबसाइट बहुधा सिंगापूरच्या किंवा अमेरिकेच्या सर्व्हरवर असते. ती खुशाल चालू असते. मालकच बंद पडलेला असतो! लोकांना तो ज्या दिवशी सगळ्यात जास्त हवा असतो, नेमक्या त्याच दिवशी त्याचा स्वतःच्या दुकानाशी संबंध तुटतो.

म्हणून जून ते डिसेंबर त्याचं निम्मं काम तयारीचं असतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. पॉवर बँका भरून ठेवलेल्या. गावांची नावं आधीच टाइप केलेली, म्हणजे पुढे फक्त 'बंद' किंवा 'चालू' एवढंच भरायचं. आणि कुणाची बहीण दुबईत किंवा रियाधमध्ये कामाला असेल तर पासवर्ड तिच्याकडेही देऊन ठेवायचा. हा उपाय मला फार हुशारीचा वाटतो. बिकोलमध्ये अंधार असताना तिकडे वाळवंटात बसून ती बिकोलच्या शाळांची यादी पुढे चालू ठेवू शकते.

आता यादी लावली, पण ती लोकांनी वाचायची कशी? फिलिपिन्समध्ये 29 मार्च 1994 ला 64 केबीपीएसच्या एका जोडणीवरून इंटरनेट आलं, पण गरिबाच्या हातात ते पोहोचलं फेसबुकच्या रूपाने. 2013 पासून तिथल्या मोबाइल कंपन्यांनी फेसबुक फुकट द्यायला सुरुवात केली. खिशात एक पेसो नसला तरी फेसबुक उघडतं. मात्र तिथल्या एखाद्या दुव्यावर बोट ठेवलं की सूचना येते: यापुढे डेटाचे पैसे पडतील. वाचक तिथूनच मागे फिरतो. फुकटच्या फेसबुकात पुष्कळदा फोटोही दिसत नाहीत. मग लोक विनवतात, बाबा रे, सगळा मजकूर इथेच लिही ना, आमच्याकडे लोड नाही. लोड म्हणजे मोबाइलचा रिचार्ज. तिथल्या 'सारी-सारी', म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तो चिल्लर देऊनही मिळतो.

इथे मालकाची खरी पंचाईत होते. जाहिरातीचे पैसे मिळतात ते वाचक वेबसाइटवर आला तर. मजकूर फेसबुकवर टाकला तर कमाई शून्य. हाडाचा व्यापारी म्हणेल, टाकू नकोस. पण वादळाच्या पहाटे एखादी आई पोराला पाण्यातून शाळेत पाठवायचं की नाही म्हणून विचारत असेल, तर तिला कुणी 'आधी रिचार्ज मार' असं सांगेल का? शहाणे मालक सुट्टीची यादी फुकट वाटून टाकतात आणि पैसे दुसऱ्या पानांवर कमावतात.

ती दुसरी पानं कसली, तर सरकारी कागदपत्रांची. पासपोर्टची वेळ कशी घ्यायची, घरबांधणी फंडाचं कर्ज कसं काढायचं, असली. सगळ्यात मजेशीर प्रकरण एनबीआयच्या दाखल्याचं. एनबीआय ही तिथली राष्ट्रीय तपास संस्था. नोकरी हवी तर तिचा दाखला लागतो. अर्ज केला आणि तुमच्या नावाशी जुळणारं नाव त्यांच्या नोंदींत निघालं, तर तुम्हाला 'हिट' लागतो. मग काही दिवस थांबा, पुन्हा या. सांतोस, रेयेस, क्रुझ ही आडनावं तिथे इतकी आहेत की निरपराध माणसाला हिट लागणं ही रोजचीच गोष्ट. त्यात 1849 साली क्लावेरिया नावाच्या स्पॅनिश गव्हर्नरने आडनावांचा एक कोशच छापून त्याची एकेक पानं गावोगाव वाटली होती. बिकोलमधल्या ओआस गावात म्हणूनच आजही र-ने सुरू होणारी आडनावं ढिगाने सापडतात. तर 'मला हिट लागलाय, आता मी काय करू?' या एका प्रश्नावर किती वेबसाइटचं वीजबिल निघत असेल, देव जाणे.

पैशाचं म्हणाल तर गूगलच्या जाहिराती. पहिले 10 डॉलर जमले की गूगल पत्ता तपासायला एक पिन पाठवतं, आणि तोही चक्क टपालाने. एरवी सगळा कारभार विजेच्या वेगाने, आणि इथे पोस्टमनची वाट बघायची. त्यानंतर 100 डॉलर होईपर्यंत हातात काही पडत नाही. झाले की पुढच्या महिन्यात 21 ते 26 तारखेच्या दरम्यान ते निघतात. फिलिपिन्समधल्या वाचकाचा जाहिरातीचा भाव अमेरिकेतल्या वाचकापेक्षा बराच कमी. त्यामुळे परदेशात राबणारा फिलिपिनो वाचक मालकाला फार प्रिय: आखातातल्या नर्सेस, हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या बाया, जहाजांवरचे खलाशी. आपल्याकडे रत्नागिरीत किंवा गोव्यात कुणी बोटीवर असेल तर त्याला विचारा, त्याच्या शेजारच्या बंकवर फिलिपिनोच असतो.

ही कमाई सरकारपासून लपत नाही. 2020 मध्ये कर खात्याने ऑनलाइन धंदेवाल्यांना नोंदणी करायला लावली. धंद्याचं नाव फक्त बारांगायपुरतं, म्हणजे वॉर्डापुरतं नोंदवायचं तर 200 पेसो, देशभरासाठी 2000. वाचक रियाधपर्यंत पसरलेले असले तरी बरेच जण 200 वालंच घेत असणार, असा माझा अंदाज. कर मात्र सोपा आहे. वर्षाची उलाढाल 30 लाख पेसोंच्या आत असली, तर पहिले अडीच लाख सोडून उरलेल्यावर सरसकट 8 टक्के देता येतात. कर खात्याचं प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दिसेल असं लावायचं. धंद्याची जागा झोपायची खोली असेल, तर ते कपाटाशेजारी लागतं.

महापौराच्या सुट्ट्या छापणारा माणूस महापौराच्या रस्त्याच्या कंत्राटाबद्दलही लिहू शकतो. पण तिथे हात आखडतो. 2012 च्या सायबर कायद्यात इंटरनेटवरची बदनामी हा गुन्हा आहे, आणि शिक्षा छापील बदनामीपेक्षा एक पायरी वरची. 2020 मध्ये रॅपलर या वृत्तसंस्थेच्या मारिया रेसा त्याच कायद्याखाली दोषी ठरल्या. पुढच्या वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. पण नागाच्या एका खोलीतून वेबसाइट चालवणाऱ्याकडे वकील कुठून येणार?

आणि हल्ली नवीन संकट. गूगलवर प्रश्न टाकला की यंत्रच वरच्या वर उत्तर देऊन टाकतं. ते उत्तर ज्या पानांवरून उचललंय, तिथे कुणी जातच नाही. हिट लागला तर काय करायचं, हे यंत्राला आता पाठ आहे. मग मालकाने करायचं काय? जे यंत्राला दिसत नाही ते बघायला उठायचं. सकाळी ट्रायसिकल, म्हणजे तिथली साइडकार लावलेली मोटारसायकल, पकडून एनबीआयच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. दाखला नको असला तरी. टोकन किती वाजता संपतात, फोटोकॉपीचा टपरीवाला कुठे बसतो, खिडकीवर जीकॅश, म्हणजे मोबाइलवरून दिलेले पैसे, घेतात की सुटे पैसे मागतात, पंखा कुठल्या कोपऱ्यात आहे, हे सगळं टिपायचं. आणि दुपारी घरी येऊन पहिलंच वाक्य लिहायचं: सोमवारी अजिबात जाऊ नका.

नमस्कार.