चालू गाणं मध्येच का तोडतात?

नमस्कार मंडळी, आज रेडिओचा आवाज जरा वाढवा. शेजारचे ओरडले तर माझं नाव सांगा. आज ग्राईमबद्दल बोलायचंय. पूर्व लंडनमध्ये, बो वगैरे भागातल्या पोरांनी २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गराज आणि जंगल या क्लबमधल्या नाचाच्या संगीतातून हे म्युझिक काढलं, वेग साधारण १४० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १४० ठोके, खाली छातीत घुमणारा बेस आणि वरती एमसी, म्हणजे माईकवर झपाझप यमकं जुळवत बोलणारा. वायली, डिझी रास्कल ही त्यातली मोठी नावं, डिझीला तर २००३ मध्ये मर्क्युरी प्राइझ मिळालं तेव्हा त्याची विशीही झाली नव्हती. पण अल्बम ऐकून ते निम्मंच कळतं बघा, खरी मजा लाइव्ह सेटमध्ये.

होतं काय, डीजे एकाला एक जोडून नुसते बीट्स वाजवत राहतो आणि बाजूला पाच-सहा एमसी एकदोन माईकवर टपलेले असतात, प्रत्येकाला आठ नाहीतर सोळा बार, एक बार म्हणजे चार ठोके. आता हिशोब करा, १४० च्या वेगात आठ बार म्हणजे जेमतेम चौदा सेकंद! तेवढ्यात काय ती आग लावायची आणि माईक पुढच्याला. जुन्या व्हिडिओत बोलणाऱ्यापेक्षा मी त्याच्या मागून पुढे आलेला "दे ना, दे ना" करणारा हातच बघत बसतो.

आणि मग येतो रीलोड. एखादी ओळ अशी बसते की पब्लिक उसळतं, कोणी भिंतीवर हात आपटतं, आणि डीजे काय करतो तर गाणंच थांबवतो, तबकडी हाताने उलटी फिरवतो, फर्र्र आवाज, की पुन्हा पहिल्यापासून! नवख्याला वाटतं मशीन बिघडलं. आपल्या संगीत नाटकातला वन्स मोअरच हा, फक्त आपले लोक पद संपेपर्यंत धीर धरायचे, इथे तेवढाही धीर नाही. मुळात ही सवय जमैकन साऊंड सिस्टिमवाल्यांची, म्हणजे मोठाले स्पीकर लावून पब्लिकला नाचवणाऱ्यांची, जंगल-गराजमधून इथवर आली.

हे सगळं वाढलं पायरेट रेडिओवर, म्हणजे बिनपरवान्याच्या स्टेशनांवर. उंच बिल्डिंगच्या गच्चीवर चोरून एरियल लावायचा आणि खाली कुठल्यातरी खोलीत स्टुडिओ. रिन्स एफएम १९९४ पासून असंच चाललं, लायसन्स मिळालं थेट २०१० मध्ये. आता स्टुडिओत पब्लिक नाही, मग रीलोड मागणार कोण? तर ऐकणारे मिस कॉल द्यायचे! मला वाटायचं मिस कॉलवर आपलाच हक्क आहे. (आमच्या स्टेशनला देऊ नका हं, भाषण पहिल्यापासून वाचायला साहेब परवानगी देणार नाहीत.)

आणि एक गंमत. स्लिमझीसारखे डीजे नवी ट्यून डबप्लेटवर, म्हणजे खास कापून घेतलेल्या तबकडीवर आणायचे, बाजारात न आलेली, मोजक्याच हातात असलेली. ही तबकडी मऊ असते, जितकी वाजवाल तितकी झिजते, खरखर वाढत जाते. म्हणजे जी ट्यून पब्लिकला सगळ्यात जास्त आवडली, तीच सगळ्यात आधी खराब होणार. हे डीजेला पक्कं माहीत असतं, तरी भिंतीवर हात आपटला की तो तबकडी उलटी फिरवतोच.