आधी करंट, मग पेट्रोल

मंडळी, गाडी मिसिंग करायला, म्हणजे मधेमधे अडखळायला लागली की आपला हात पहिल्यांदा जातो तो पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे. तो बोनेट उघडल्याबरोबर दिसतो आणि त्याचे स्क्रू फिरवता येतात. आज माझं सांगणं एवढंच आहे, की तो हात आवरा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा), पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. हा क्रम मोडला की दिवसभर खपूनही गाडी सुरळीत चालत नाही.

मी बोलतोय आपल्या प्रीमियर पद्मिनीबद्दल. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, चार सिलिंडरची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी रजिस्टर झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून ती बंद झाली. टॅक्सी गेल्या, तसे त्यांच्यावर पोट असलेले मिस्त्रीही एकेक करून दुसऱ्या कामाला लागले. ज्यांच्या दारात खासगी पद्मिनी अजून उभी आहे, त्यांना आता निदान एवढं काम स्वतःला यायलाच हवं.

प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. आतला शाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर शाफ्ट १५०० घेतो, आणि दर फेऱ्याला चार ठिणग्या. म्हणजे मिनिटाला ६०००, सेकंदाला १००! तेवढ्या वेळा ते दोन इवलेसे पॉइंट उघडतात आणि मिटतात. त्यांच्यातली गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच हळूहळू झिजते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, आणि कुणी हातही न लावता टायमिंग मागे पडतं. गाडीचा पिकअप जातो, इंजिन तापतं. म्हणून गॅप आधी लावायची, टायमिंग नंतर. उलटं केलंत तर गॅप लावताना टायमिंग पुन्हा हलणार.

हे मी खंडाळ्याच्या घाटात शिकलो. गाडी थंड असताना छान चालायची, तापली की धक्के मारायची. मी दोनदा कार्बोरेटर खोलला, नवीन किट टाकलं, जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, हवा मारून आणली. फरक शून्य. शेवटी लालबागच्या एका वयस्कर मिस्त्रींनी पॉइंट काढून माझ्या तळहातावर ठेवले. एकावर खड्डा पडलेला, दुसऱ्यावर बारीक टेकाड आलेलं. म्हणाले, "अरे, कंडेन्सर गेलाय. त्या कार्बोरेटरला कशाला छळतोस?" पॉइंटवरची ठिणगी आवरतो तो कंडेन्सर. नवा कंडेन्सर, नवे पॉइंट, आणि गाडी त्याच कार्बोरेटरवर घाट चढली.

पावसाळ्यात आणखी एक बघा. रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा. प्लगच्या वायरी जुन्या असतील तर त्यांच्यावरून निळसर ठिणग्या पळताना दिसतात. हात लावू नका, नुसतं बघा. तो करंट प्लगपर्यंत पोचतच नाहीये. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरली असेल तर सुक्या फडक्याने पुसून काढा. आतून केसासारखी काळी रेघ दिसली तर मात्र झाकण बदलायचं.

टायमिंगला महागडं यंत्र लागत नाही. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा, पुलीची खूण जुळवा. टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलवर (बॅटरीचा दाब वाढवणारी), डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बाजूला, दुसरी बॉडीला. चावी ऑन करा आणि डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवा. दिवा लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच कसा.

आता कार्बोरेटर. इंजिन पूर्ण तापलेलं, चोक आत. स्लो, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, थोडा वाढवा. मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू आत घ्या, इंजिन अडखळेपर्यंत, मग बाहेर सोडा, आवाज एकसारखा होईपर्यंत. शेवटी स्लो कमी करा. आणि हे नीट ध्यानात घ्या, की हा स्क्रू फक्त स्लोसाठी आहे. धावत्या गाडीला पेट्रोल देतो तो मेन जेट. पिकअपसाठी हा स्क्रू पिळत बसणाऱ्यांची मला कीव येते, कारण तिथून काहीच मिळणार नाही.

आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सायनहून ठाण्यापर्यंत चांगली पळवा, तिथेच इंजिन बंद करून थोडं निवू द्या आणि प्लग काढा. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर उत्तम. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर कमी, मग एक नंबर मोठा जेट बघा. आणि हेच इथेनॉल जुन्या रबराला खातं. गाडीतल्या पेट्रोल पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी बोटांनी दाबून बघा. चिकट लागली, फुगली किंवा चिरली असेल तर ती आजच बदला. पेट्रोल ठिबकतं ते त्याच डिस्ट्रिब्युटरच्या आसपास, आणि तिथे सेकंदाला १०० ठिणग्या पडत असतात.